पहिला ट्रक घेण्यापूर्वी

दुसऱ्याच्या गाडीवर काही वर्षे चालक म्हणून राबल्यानंतर स्वतःच्या नावावर एक ट्रक असावा, अशी इच्छा होतकरू तरुणाच्या मनात उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. ही आकांक्षा स्तुत्य आहे. परंतु ट्रक हे केवळ वाहन नसून कर्जावर उभारलेला एक लहानसा उद्योग आहे, आणि त्याची निवड चुकली तर घर व जमीन दोन्ही संकटात येतात. याचा कटू अनुभव आपल्या गोव्याने घेतलेला आहे.

डिचोली, सत्तरी, सांगे व धारबांदोडा या तालुक्यांत खाणीवरचे खनिज नदीकाठच्या धक्क्यापर्यंत नेण्यासाठी अनेक कुटुंबांनी कर्ज काढून टिपर घेतले. धक्क्यावरून खनिज बार्जमधून मुरगाव बंदराकडे जात असे. काम भरपूर होते व हप्ते वेळेवर फिटत होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा बंदी आदेश आला. ही बंदी एप्रिल २०१४ मध्ये उठली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले व मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. खाणी थांबल्या, तरी बँकेचे व्याज थांबले नाही. अंगणात उभे राहिलेले ते ट्रक नादुरुस्त नव्हते. त्यांना दुसरे काम ठाऊक नव्हते, एवढाच त्यांचा दोष होता.

२०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले असून गावोगाव नव्या ट्रकची चर्चा पुन्हा ऐकू येते. अशा वेळी पुढील गोष्टींचा शांतपणे विचार व्हावा.

आधी काम, मग गाडी

बहुतेक जण प्रथम गाडी पसंत करतात व नंतर काम शोधतात. क्रम याच्या उलट असावा. कोणता माल, कोठून कोठे, महिन्याला किती फेऱ्या, परतीचे भाडे मिळते की गाडी रिकामी येते, पैसे किती दिवसांनी हाती पडतात, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. टिपरचा हौदा खनिज, खडी व वाळू यांना योग्य. परंतु त्यातून कारखान्यातील खोकी किंवा पोती नेणे सोयीचे नसते. म्हणून हे पहिले काम बंद पडल्यास हीच गाडी दुसरे कोणते काम करील, हा प्रश्न स्वतःस अवश्य विचारावा. त्याचे उत्तर मिळत नसेल, तर ती गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

वजनाचा हिशेब

जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने वजनाच्या मर्यादा वाढविल्या. त्यानुसार दोन आसांच्या, मागे चार टायर असलेल्या ट्रकला मालासह कमाल १८.५ टन, तर तीन आसांच्या ट्रकला २८.५ टन एकूण वजनाची मुभा आहे. तथापि आपल्या गाडीच्या नोंदणीपत्रावर जो आकडा असेल, तोच आपल्याला बंधनकारक असतो. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्यावर जे उरते, तेवढाच माल कायदेशीर होय. जादा मालास २०,००० रुपये व त्याशिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे. तीन टन जादा भरले, तर २६,००० रुपये गेले. शिवाय पाटे, टायर व ब्रेक लवकर झिजतात ते वेगळेच. जादा माल भरल्यावाचून जे काम परवडत नाही, ते काम मुळातच परवडत नाही, असे समजावे.

हप्ता व व्याज

समजा, २० लाख रुपयांचे कर्ज ४ वर्षांसाठी घ्यावयाचे आहे. एक संस्था घटत्या शिल्लकीवर ११ टक्के व्याज सांगते. दुसरी सपाट दराने ८ टक्के सांगते. वरवर पाहता दुसरी स्वस्त वाटते. प्रत्यक्षात पहिलीचा मासिक हप्ता सुमारे ५१,७०० रुपये, तर दुसरीचा ५५,००० रुपये होतो. सपाट दरात, फेडलेल्या मुद्दलावरही अखेरपर्यंत व्याज आकारले जाते, हे त्याचे कारण. चार वर्षांत हा फरक १ लाख ५८ हजारांहून अधिक होतो. म्हणून टक्के न विचारता हप्ता किती व एकूण परतफेड किती, हे लेखी मागावे.

गोव्यातील खनिज वाहतूक पावसाळ्यात जवळजवळ बंद असते. हप्ते मात्र बारा महिने असतात. ५१,७०० रुपयांप्रमाणे वर्षाचे ६,२०,४०० रुपये आठ महिन्यांच्या कमाईतून काढावयाचे झाल्यास कामाच्या प्रत्येक महिन्यावर ७७,५५० रुपयांचा भार पडतो. यात डिझेल, टायर, विमा, कर, दुरुस्ती व घरखर्च धरलेला नाही. मालक स्वतः गाडी चालवीत असला, तरी चालकाचा पगार खर्चात धरावा. नाहीतर आपलीच मजुरी नफा म्हणून मोजली जाते. किमान तीन हप्त्यांएवढी शिल्लक निराळी ठेवल्याशिवाय गाडीचा ताबा घेऊ नये.

नवी की जुनी?

नव्या गाडीस हमी मिळते, मात्र हप्ता मोठा असतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहा बनावटीच्या बहुतेक जड ट्रकना डिझेलखेरीज युरियाचे द्रावणही लागते. तो खर्च हिशेबात घ्यावा. जुन्या गाडीची किंमत कमी. पण कर्जाची मुदत थोडी व व्याजदर बहुधा अधिक असतो. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचे पासिंग दोन वर्षांनी, तर त्याहून जुन्या गाडीचे दरवर्षी करावे लागते.

जुनी गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. सुरू होताना ती कुरकुरते काय, हे ध्यानात घ्यावे. सतत निळा धूर येत असेल, तर इंजिन ऑइल जाळीत आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून जोराने वाफारा येतो काय, ते पाहावे; येत असल्यास पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. चेसिसवर तडा किंवा वेल्डिंगचा सांधा आढळल्यास, तसेच टायर एकाच बाजूने झिजलेले असल्यास विश्वासू मिस्त्रीस दाखवावे. माल भरून चढावर चालवून पाहिल्याखेरीज सौदा करू नये. रिकामी गाडी सर्वांचीच चांगली पळते.

कागदपत्रे

चेसिस व इंजिनचे क्रमांक नोंदणीपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. कर, परवाना, विमा, पासिंग व थकीत दंड यांची परिवहन कार्यालयात चौकशी करावी. गाडीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात; परराज्यातील गाडीस नमुना २८ चे प्रमाणपत्रही लागते. विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा.

गावातील शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी अशा तरुणांना हा हिशेब मांडण्यास साहाय्य करावे, ही विनंती. एक कोरा कागद, एक पेन्सिल व एक संध्याकाळ एवढ्यावर ते काम होते. त्यात एखाद्याचा ट्रक घेण्याचा बेत एक वर्ष पुढे ढकलला गेला, तरी त्याचे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. वर्षभर भाड्याच्या गाडीवर काढून गाठीला चार पैसे जमतात, आणि कोणते काम टिकाऊ आहे हेही कळते. त्यानंतर घेतलेला ट्रक अंगणात उभा राहण्याची भीती पुष्कळच कमी होते.