वाटेसाठी काय घ्यावे?

शिबिराला निघालेल्या मुलांची बॅग भरताना 'असू दे, लागेल' म्हणत आपण ती फुगवत जातो. प्रभू येशूने बारा शिष्यांना जोडीजोडीने पाठवले तेव्हा नेमके उलट सांगितले (मार्क ६:७-१३). भाकर, झोळी, कमरपट्ट्यात पैसे, दुसरा अंगरखा, काहीच नको. काठी आणि वहाणा मात्र चालतील. मत्तय व लूक काठीलाही मनाई करतात. मार्कला पायी चालणाऱ्याची अधिक काळजी असावी, असे आम्हांला वाटते.

पण दुसरा अंगरखा का नको? उघड्यावर रात्र काढायची वेळ आली, तर तोच पांघरता आला असता. तो नसला की कुणाचे तरी दार ठोठावणे आलेच. म्हणून लगेच पुढच्या वचनात, ज्या घरात जाल तेथेच मुक्काम करा, अशी आज्ञा येते.

याचा अर्थ बेफिकिरी नव्हे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूच शिष्यांना थैली व झोळी घ्यायला सांगतो (लूक २२:३६). तेव्हा रोजचे औषध, टॉर्च, पाण्याची बाटली, चादर आपण द्यावीच. चौथा ड्रेस आणि चिवड्याचा दुसरा डबा घरी राहू द्यावा. डबा एकच असला की तो तंबूत सर्वांसमोर उघडावा लागतो.