मांजरेचे पाणी

मांजरेवरील धनेगावच्या धरणावर कळंब, केज, अंबाजोगाई, लातूर अशी कितीतरी गावे तहान भागवितात. घागर एक, तोंडे अनेक. २०१६ साली ती घागर आटली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आले. १० टाक्या, प्रत्येकीत ५०,००० लिटर, म्हणजे ५ लाख लिटर!

आता शेतातला हिशेब पाहा. सरीने उसाला ३ इंच पाणी भरले, की एकराला ३ लाख लिटर जाते. गाडीचे सारे पाणी दोन एकरांच्या एका पाळीलाही पुरले नसते. अन् ऊस तर वर्षभर उभा.

ऊस करूच नये असे कोण म्हणेल? पुष्कळांचा प्रपंच त्यावर आहे. पण ठिबकाने तिसरा हिस्सा तरी पाणी वाचते. पाचट पेटवू नये, सरीत पसरावे, ओल टिकते. अरणच्या सावतोबांच्या काळी मोट होती, बैलाच्या खांद्याला पाण्याचे वजन कळे. आज बटण दाबले की झाले.

तेव्हा कार्तिकीहून परतलात, की सुरू उसाची लागण ठरविण्याआधी धनेगावची पातळी विचारून घ्यावी. पाणी बेताचे असेल तर त्या रानात हरभरा, करडई घ्यावी. काळ्या रानात ती एखाद्या पाळीवर निघते.