लवचीक मांडणी : खिडकीतील जागेचे वाटप

संगणकावरील इंग्रजी अर्ज मराठीत आणला की ‘सेव्ह’च्या जागी ‘जतन करा’ येते आणि बटणात अक्षरे मावत नाहीत. उकार-वेलांट्यांची टोके कापली जातात ती वेगळीच. अर्जदाराला अर्धवट शब्दांवरून अंदाज करावा लागतो. दोष भाषांतराचा नसतो. प्रत्येक घटकाचे स्थान व आकार पिक्सेलमध्ये कायमचे ठरवून टाकल्याचा तो परिणाम असतो. आठव्या अनुसूचीत २२ भाषा असलेल्या देशात ही दुरुस्ती भाषागणिक करावी लागते आणि तिचा खर्च बहुधा कोणी आधी धरलेला नसतो.

लवचीक मांडणीत स्थानाऐवजी नियम सांगितला जातो. १९९६ मधील जावाच्या पहिल्या आवृत्तीतच अशी सोय होती. मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील डब्ल्यूपीएफमध्ये स्तंभाची रुंदी तीन प्रकारे ठरते : ठरावीक, मजकुराच्या गरजेइतकी किंवा उरलेल्या जागेच्या प्रमाणात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे परिचित वाटेल. आधी बांधील खर्च, मग शिलकीची विभागणी.

समजा, खिडकी ९०० पिक्सेल रुंद आहे व रकान्यांच्या नावांना १५० लागतात. उरलेले ७५० दोन स्तंभांत १:२ प्रमाणात वाटल्यास २५० व ५०० मिळतात. मल्याळम नावांना २४० लागले, तर ६६० उरतात आणि वाटणी २२० व ४४० अशी होते. मांडणीची एकही ओळ बदलावी लागत नाही. मात्र खिडकी फार अरुंद केली, तर प्रमाण टिकूनही रकाना निरुपयोगी ठरतो. म्हणून सरावात स्तंभाची किमान रुंदी प्रथम लिहावी, प्रमाण नंतर.