ड्रिल घेण्याआधी भिंत ओळखा

घरासाठी कॉर्डलेस ड्रिल कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं, की मी आधी त्यांच्या घराची भिंत कशाची आहे ते विचारते. उत्तर सहसा येत नाही. भिंतीचा रंग सगळ्यांना माहीत असतो, गिलाव्याखाली काय आहे ते क्वचितच कुणाला ठाऊक असतं. ड्रिलच्या खरेदीत पैसे पाण्यात जातात ते बहुतेक वेळा याच कारणाने.

आम्ही पुण्याच्या पश्चिमेला एका नव्या इमारतीत राहायला आलो तेव्हा पडद्याच्या दांड्या, देवघर, आरसा, स्वयंपाकघरातली फळी अशी कामं साठली होती. एवढ्याशा कामाला सुतार किंवा इलेक्ट्रिशियन वेळेवर येत नाही, म्हणून ऑनलाइन एक कॉर्डलेस ड्रिल मागवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४८ व्होल्ट, शेजारी हातोडीचं चित्र, आत बिट्सचा भरगच्च संच. लाकडी फळीत ते सुरेख चाललं. मग खिडकीच्या वर, दांडीच्या ब्रॅकेटसाठी भिंतीला लावलं. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर झटक्यात आत गेलं आणि तिथेच अडलं. मोटर फिरते आहे, कानठळ्या बसताहेत, पण बिट केसभरही पुढे सरकत नाही. भोकातून आधी वाळूसारखी रवाळ भुकटी पडत होती, ती पिठासारखी बारीक झाली आणि मग पडायचीच थांबली. बिट बाहेर काढलं तर टोक निळंजांभळं झालेलं. पोलाद फार तापलं की त्यावर हा रंग चढतो. त्या बिटाचं पाणी उतरलं, ते आता कशालाही लागणार नाही. बॅटरीला हात लावला तर चटका बसला.

पुढे शेजारच्या फ्लॅटमध्ये एसी बसवायला आलेल्या कारागिराला विनंती केली. त्याने आपल्या रोटरी हॅमरने त्याच जागी भोक पाडलं, बोलता बोलता. मी त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने मशीन भिंतीला टेकवलं होतं, अंगाचा भार टाकला नव्हता. "ताई, ही मायवानची भिंत आहे, त्या मशीनने वर्षभर घासलंत तरी होणार नाही," तो म्हणाला.

मायवान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून भिंत आणि स्लॅब एकत्र ओतण्याची पद्धत. अलीकडच्या कित्येक उंच इमारतींमध्ये आतल्या भिंतीसुद्धा अशा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात. पण जुन्या, विटांच्या घरातही सुटका नाही, आणि हे फार कमी जणांच्या ध्यानात येतं. खिडकीवरचा भार पेलायला तिथे काँक्रीटचं लिंटेल असतं. पडद्याची दांडी नेमकी त्याच पट्ट्यात येते. म्हणजे घरात राहायला गेल्यावर आपण जे पहिलं भोक पाडायला घेतो, ते बहुधा सगळ्यात कठीण जागी असतं. ड्रिल निकामी आहे असं वाटून लोक ते माळ्यावर टाकतात ते इथूनच.

भिंत कशाची आहे हे भुकटी सांगते. कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक बारीक भोक पाडून बघा. वरचा राखाडी गिलावा संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट. राखाडीच राहिली आणि बिट अडखळायला लागलं तर काँक्रीट. फिकट, हलकी भुकटी भराभर यायला लागली तर हलके ब्लॉक, ज्यांना सगळे सरसकट सिपोरेक्स म्हणतात. यात भोक पाडणं अगदी सोपं, पण साधी गिट्टी त्यात फिरते आणि वजन पेलत नाही, म्हणून त्या ब्लॉकसाठी वेगळी, लांब गिट्टी मागून घ्यावी लागते. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याचं घर असेल तर हीच काळजी घ्यायची. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, त्यात भोक लगेच पडतं पण कडा ढासळून मोठं होतं.

माझ्या त्या '४८ व्होल्ट'च्या ड्रिलची बॅटरी काही महिन्यांनी मेली तेव्हा दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेतली. (घरी उघडू नका, लिथियमचा सेल चुकून शॉर्ट झाला तर पेट घेतो.) आत पाच सेल होते. लिथियमच्या एका सेलचा दाब साधारण ३.६ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल म्हणजे १८ व्होल्ट, फार तर २१. खरोखर ४८ व्होल्ट हवे असतील तर तेरा सेल लागतात, आणि ते त्या मुठीत मावणारच नाहीत. खोक्यावरच्या आकड्याचा आतल्या वस्तूशी काही संबंधच नव्हता. तेव्हापासून ४८, ८८ असले आकडे दिसले की मी ते मशीन हातातही घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला कळकळीने सांगायचं आहे. ज्या विक्रेत्याने व्होल्टच खोटे लिहिले, त्याचा टॉर्क आणि वॉरंटी खरी कशी मानायची?

१८ आणि २० व्होल्ट या वादातही पडू नका. पाच सेलची तीच बॅटरी कुणी १८ लिहितो, कुणी पूर्ण भरलेली असतानाचा आकडा धरून २० लिहितो. १२ व्होल्टचं तसंच. तिच्यात तीन सेल असतात आणि कामाचा दाब १०.८ असतो. तुलना करायची तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, तर १२ व्होल्टच्या दीड अँपिअर-अवरच्या बॅटरीत त्याच्या निम्मीही ऊर्जा नसते. दुकानदार बॅटऱ्या किती ते सांगतो, त्या केवढ्या ते विचारावं लागतं.

आता त्या हातोडीच्या चित्राबद्दल. कॉर्डलेस असो की वायरचं, साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात आणि बिट किंचित पुढेमागे थरथरतं. मिनिटाला हजारो ठोके पडतात खरे, पण प्रत्येक ठोका अगदी दुबळा, आणि त्याला जोर यायला माणसाने मागून दाबावं लागतं. विटेला तेवढं पुरतं. काँक्रीटमधली खडी त्याने फुटत नाही. रोटरी हॅमरमध्ये सिलिंडर आणि पिस्टन असतो, मधली हवा दाबली जाऊन आतला ठोकळा बिटावर आदळतो. ठोके कमी, पण प्रत्येकात दम असतो. म्हणूनच तो कारागीर भार न टाकता उभा राहू शकला. या मशीनला एसडीएस-प्लस दांड्याची, खाचा असलेली बिट्स लागतात, ती साध्या चकमध्ये बसवायची नसतात. हातोडीचं चित्र दोन्हींवर सारखंच असतं. तेव्हा दुकानात "हॅमर आहे का?" असं न विचारता "एसडीएस आहे का, आणि ठोका किती जूलचा?" असं विचारा. इम्पॅक्ट ड्रिलच्या खोक्यावर जूलचा आकडा सहसा नसतोच.

तर मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने एकाच कॉर्डलेस ड्रिलकडून सगळ्या कामांची अपेक्षा ठेवू नये. स्क्रू पिळणं, बिजागऱ्या, कपाटं, प्लाय, पातळ पत्रा, अधूनमधून विटेत सहा मिलिमीटरचं भोक, एवढ्यासाठी नामांकित कंपनीचं १२ व्होल्टचं हलकं ड्रिल उत्तम. स्टुलावर उभं राहून हात वर करून काम करताना त्याचं कमी वजन किती सुखाचं आहे ते एकदा केल्यावर कळतं. विटांचं मोठं घर असेल, फर्निचर स्वतः करायचा नाद असेल, तर १८ व्होल्टचं घ्या, शक्यतो ब्रशलेस मोटरचं. त्यात कार्बन झिजत नाही आणि तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होतं. काँक्रीटसाठी मात्र वायरचा छोटा रोटरी हॅमरच हवा.

विकत घेण्याआधी मशीन हातात घेऊन बघाच. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात दुकानदार काउंटरवर चालवून दाखवतात. ट्रिगर हलकेच दाबल्यावर ते कासवगतीने फिरलं पाहिजे. एकदम सुसाट सुटत असेल तर स्क्रूचं डोकं हमखास खराब होणार. चकमध्ये सरळ बिट लावून फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक डुगडुगताना दिसलं तर ते मशीन परत द्या. दोन गिअर हवेत, हळू वेग स्क्रूसाठी आणि जलद भोकांसाठी.

आणि क्लच. चकच्या मागे आकडे कोरलेलं ते कडं बहुतेकांनी कधी फिरवलेलंच नसतं. स्क्रू बसला की क्लच कटकट आवाज करत निसटतो आणि पिळणं थांबतं. कपाटाची बिजागरी पार्टिकल बोर्डात बसवताना क्लच तीन-चारवर ठेवा आणि कमी पडला तर एकेक आकडा वाढवा. भोक पाडायच्या खुणेवर ठेवून स्क्रू पिळलात तर बोर्डातला भुसा मोकळा होतो आणि तो स्क्रू पुन्हा कधीच धरत नाही. स्वयंपाकघरातली जी लोंबकळणारी दारं मी पाहिली आहेत, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच झालेलं असतं.

बॅटरी हा या वस्तूचा जीव, आणि तिथेच कंपन्या आपल्याला बांधून घेतात. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. कधी एकाच कंपनीची कारागिरांसाठीची आणि घरगुती मालिकाही वेगवेगळी असते. बॉशची निळी आणि हिरवी १८ व्होल्टची हत्यारं हे त्याचं उदाहरण. त्यामुळे पहिलं मशीन घेतानाच पुढचं काय घेणार त्याचा विचार करा, आणि त्या बॅटरीची सुटी किंमत व गावात मिळते की नाही हे विचारून घ्या. माझ्या दिरांनी न्यू जर्सीहून फार प्रेमाने एक ड्रिल आणलं होतं. तिकडे १२० व्होल्टची वीज, आपल्याकडे २३०. चार्जरवर फक्त १२० लिहिलेलं होतं ते वेळीच दिसलं म्हणून तो वाचला. परदेशातून कुणी आणणार असेल तर आधी चार्जरच्या खालची बारीक अक्षरं वाचायला सांगा. बॅटरी पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नका, मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर तर मुळीच नको. उष्णतेने ती लवकर म्हातारी होते.

कॉर्डलेसचा एक फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि जाहिरातीत तो कधी दिसत नाही. घराचा मेन स्विच बंद करूनही ते चालतं. आपल्याकडे वायरिंग भिंतीच्या आत असतं. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली पाइप गेलेला आहे असंच धरून चाला, आणि गीझरच्या, नळाच्या रेषेत पाण्याचा. त्या रेषा टाळा. टाळता येत नसतील तर मेन बंद करा आणि मगच बिट लावा. डोळ्यांवर चष्मा हवा, विशेषतः वर बघून काम करताना. भोकात बिट सळईला लागलं, म्हणजे आवाज बदलून खणखणीत झाला, तर जबरदस्ती करू नका, जागा दोन-तीन सेंटिमीटर सरकवा. छताला भोक पाडण्याआधी सोसायटीला विचारा. काही इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात आणि त्या तुटणं फार धोक्याचं असतं. टाइलवर आधी चिकटपट्टी लावा म्हणजे टोक घसरत नाही, आणि टाइल आरपार होईपर्यंत ठोका बंद ठेवा.

राहिला प्रश्न त्या रोटरी हॅमरचा. घरटी एक घेणं परवडणारं नाही, गरजेचंही नाही, कारण वर्षातून एखाद्या रविवारीच तो लागतो. आमच्या इमारतीत आम्ही काही घरांनी मिळून वर्गणी काढून एक घेतला. तो वॉचमनच्या खोलीत असतो, वहीत नाव लिहून न्यायचा आणि पुसून परत द्यायचा. ६ आणि ८ मिलिमीटरची चांगली बिट्स त्याच्याबरोबरच ठेवली आहेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत तुम्हीही हा विषय मांडा, आणि स्वतःसाठी हलकं, खऱ्या आकड्याचं ड्रिल घ्या.