मोटारीची खडखड : निदान व उपाय

लोणी भापकर येथील मल्लिकार्जुनाचें मंदिर, तेथील पुष्करिणी व यज्ञवराहाची मूर्ति पाहावयास आम्ही एकदां मोटारीनें निघालों. डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेस लागतांच पुढील डाव्या बाजूनें 'खट् खट्' असा आवाज येऊं लागला. याच आवाजाकरितां एका मिस्त्रीनें पूर्वीं पुढचे दोन्ही शॉक-अॅब्सॉर्बर बदलले होते. पैसे गेले, पण आवाज मात्र राहिला. असें कां व्हावें? निदानाआधींच औषध दिलें, हेंच त्याचें कारण. हा दोष शोधण्याची शास्त्रीय रीत कोणती, तें या लेखांत पाहूं.

बैलगाडीस कमान नसते; म्हणून चाक दगडावर चढतांच गाडीवानाच्या पाठीस हिसका बसतो. मोटारींत चाक व सांगाडा यांच्यामध्यें कमान, म्हणजे स्प्रिंग, असते. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें कमानीवर जितका भार अधिक, तितकी ती अधिक दबते. भार निघाला कीं ती पूर्वस्थितीवर येऊं पाहते. मात्र एकदां हालली कीं ती हालतच राहते. तिला आवरण्याचें काम शॉक-अॅब्सॉर्बर करतो. त्याच्या नळींतील दट्ट्या तेलांतून कष्टानें सरकतो व हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें जिरते.

शेजारच्या इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवानें वसलें, त्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या पुढें प्रसिद्धीस आलेल्या पद्मिनी मोटारीस मागील बाजूस पाट्यांच्या कमानी असत. हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत पुढें वेटोळ्याची कमान व तिच्या मधोमध शॉक-अॅब्सॉर्बर अशी रचना आढळते. चाकास जागीं धरणारे दांडे बॉल-जॉईंटनें व रबरी बुशांनीं जोडलेले असतात. शिवाय वळणावर मोटार फार कलूं नये म्हणून डाव्या व उजव्या चाकांच्या रचनेस जोडणारा एक आडवा पोलादी दांडा असतो. त्यास स्टॅबिलायझर म्हणतात. त्याच्या दोन टोकांस लहान लिंका असतात. आवाज बहुधा यांपैकीं एखाद्या सांध्याच्या झिजेचा असतो.

निदानास बसण्यापूर्वीं डिकी रिकामी करावी. सुटा जॅक किंवा पाना यांनींहि पुष्कळांस फसविलें आहे. नंतर निर्जन रस्त्यावर एकानें मोटार अगदीं सावकाश चालवावी व दुसऱ्यानें कांच उतरवून कान द्यावा. आतां एक प्रयोग करावा. प्रथम पुढचीं दोन्ही चाकें एकदम गतिरोधकावर चढतील अशी मोटार सरळ न्यावी. मग एकच चाक खळग्यांत उतरेल अशी न्यावी. दोन्ही चाकें सारखीं उचललीं गेल्यास स्टॅबिलायझरला पीळ पडत नाहीं. एकच वरखालीं झाल्यास पडतो. म्हणून पहिल्या खेपेस शांतता व दुसऱ्या खेपेस 'खट् खट्' असेल, तर प्रथम संशय लिंकांवर घ्यावा. आमच्या मोटारीचें असेंच झालें. डावी लिंक हातांत धरून हालवितांच तिचा सांधा खुळखुळा झालेला आढळला. नवी लिंक बसविली आणि खडखड थांबली. बिचारे जुने शॉक-अॅब्सॉर्बर निर्दोष होते!

इतर आवाजांचीहि भाषा ओळखतां येते. कोरड्या हवेंत 'करकर' होऊन पाऊस पडतांच ती कमी झाली, तर रबरी बुश सुकले असण्याचा संभव असतो. मोटार उभी असतांना चाक वळविल्यावर कमान 'टण्' करून उसळली, तर शॉक-अॅब्सॉर्बरच्या माथ्यावरील बेअरिंग पाहावें. मोठ्या खड्ड्यांत 'धाड्' झाल्यास कमान मोडली आहे कीं काय, तें पाहावें. मोटारीचा कोपरा दाबून सोडला असतां ती दोनतीनदां डोलत राहिली, अथवा शॉक-अॅब्सॉर्बरवरून तेल ओघळलेलें दिसलें, तरच त्यास दोष द्यावा.

सर्व आवाज सारखेच निरुपद्रवी नसतात, ही गोष्ट पालकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. लिंक झिजली तर कानास त्रास होतो. परंतु झिजलेला बॉल-जॉईंट निखळला तर चाक कलंडून मोटार ताब्याबाहेर जाते. याकरितां मोटार उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावी व चाक घड्याळांतील १२ व ६ यांच्या जागीं धरून हालवावें. तें डगमगलें तर बॉल-जॉईंट किंवा चाकाचें बेअरिंग सैल झालें असें समजून दुरुस्ती होईपर्यंत मोटार चालवूं नये. नुसत्या जॅकच्या आधारावर मोटारीखालीं शिरणें म्हणजे जिवावर उदार होणें होय.

दुरुस्तींतहि कांहीं नियम आहेत. शॉक-अॅब्सॉर्बर एकाच आंसावरील जोडीनें बदलावे. रबरी बुशाचा बोल्ट शेवटीं आवळावयाचा तो चाकें जमिनीवर टेकून मोटारीचा भार आल्यावरच. अधांतरीं आवळल्यास रबरास कायमचा पीळ पडून तें लवकर फाटतें. बुशावर इंजिनाचें तेल सोडूं नये. त्यानें आवाज घटकाभर थांबतो, पण रबर फुगून नासतें. दाबलेली कमान सुटली तर प्राणघातक ठरते, म्हणून तें काम योग्य हत्यारें असलेल्या कारखान्यावरच सोंपवावें. पुढील दांडे किंवा सांधे बदलल्यास चाकांची सरळ रेषा तपासून घ्यावी.

विद्यार्थिमित्रांनो, या साऱ्या शोधास महागडें यंत्र लागलें नाहीं. एक गतिरोधक, एक खळगा आणि दोन्हींतील फरक ओळखणारे कान, इतकें पुरलें. प्रयोगशाळेंत एका वेळीं एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावयाचा, असें जें आपण शिकतों, तेंच येथें रस्त्यावर केलें. पुढच्या वेळीं घरची मोटार खडखडूं लागली, तर वडिलांनीं खिशांत हात घालण्यापूर्वीं त्यांच्याशेजारीं बसून आधीं ऐका.