पाहुण्यांचे पीक आणि विहिरीचा हिशेब

कोणतेही नवे पीक घेण्यापूर्वी शहाणा शेतकरी तीन गोष्टी पाहतो: जमीन कशी आहे, पाणी किती आहे आणि माल कोठे खपेल. आज आम्ही ज्या पिकाविषयी लिहीत आहोत ते शेतात उगवत नाही, रस्त्याने चालत येते. ते पीक म्हणजे पाहुणे.

वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांची गणना १९८३ साली जागतिक वारशात झाली. घृष्णेश्वराचे दर्शन, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, पैठण यांमुळेही आपल्या जिल्ह्यात प्रवाशांची ये-जा असते. या वाटांवरील कित्येक कृषिबंधूंनी बांधाशेजारी भोजनाची सोय केली, कोणी दोन-चार खोल्या बांधल्या, कोणी पौष-माघात हुरड्यासाठी शहरातील मंडळी बोलावू लागले. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर करून अशा केंद्रांच्या नोंदणीची सोयही केली. हा जोडधंदा चांगला आहे, यात संशय नाही. परंतु या पिकास पाणी किती लागते, हे न विचारताच पुष्कळांनी लागवड केली आहे. सबब हा पाठ.

प्रथम पाण्याचे गणित मांडू. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातील माणसास दररोज ५५ लिटर पाणी धरले आहे. उलट, हॉटेलात दर खाटेस १८० लिटर पाणी लागते असे भारतीय मानकात धरतात. म्हणजे दहा खाटा भरल्या की एका रात्रीस १,८०० लिटर पाणी गेले. हे गावातील बत्तीस माणसांचे पाणी झाले. पाहुण्यास त्याची कल्पना नसते, त्यास दोष देऊ नये. तोटी आपण बसविलेली असते, हिशेब आपणच ठेवावयाचा असतो.

आपली जमीन काळ्या पाषाणाची. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तो साठा थोडा, आणि चैत्र-वैशाखात तो तळास जातो. आमची नोकरी महसुली दप्तरात झाली. टंचाईच्या सालांत टँकरच्या मागणीचे कागद आमच्या हातून जात. एका गावाची मागणी आली, त्याच आठवड्यात त्या गावच्या हमरस्त्यावरील एका खानावळीपुढे पाहुण्यांच्या मोटारी नळीने धुतल्या जात असलेल्या आम्ही पाहिल्या. पाणी एकाच ओढ्याकाठचे होते. खानावळीच्या मालकाने कायदा मोडला नव्हता. तरी त्या वर्षी शेजाऱ्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले.

विहिरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुष्कळ विहिरी सामाईक असतात आणि भाऊबंदांच्या पाण्याच्या पाळ्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदलेल्या असतात. भावाची पाळी मोडून पाहुण्यास स्नान घालणे म्हणजे वादास आमंत्रण देणे होय. असे वाद चावडीतून कचेरीत जातात, आणि तेथे जी वर्षे जातात त्यांचे भाडे कोणताही पाहुणा भरून देत नाही.

मग करावे काय? उपाय आपल्याच शहरात उभा आहे. मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली आणि डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. पुढे अठराव्या शतकात पाणचक्की झाली. नळाने आलेले पाणी उंचावरून पडून जाते फिरवी आणि दर्ग्यात उतरणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळी. तेच पाणी हौदात साठे आणि हौदाखालील दालन उन्हाळ्यात थंड ठेवी. पाणी एक, कामे तीन, आणि सरपण काहीच नाही. पाहुण्यांची सोय करणाऱ्याने हा कित्ता गिरवावा.

त्याप्रमाणे करण्याजोग्या गोष्टी येणेप्रमाणे:

१. छपराचे पाणी साठवावे. १०० चौरस मीटर छपरावर ७०० मिलीमीटर पाऊस पडला तर ७०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ५६,००० लिटर उरते. हे पाणी वरील दहा खाटांस ३१ रात्री पुरेल. फवाऱ्याऐवजी बादली-तांब्या ठेवून व चादरी रोज न धुता खर्च निम्म्यावर आणला, तर तेच ६२ रात्री पुरेल.

२. न्हाणीचे पाणी गटारात सोडू नये. ते केळी, पपई, कर्दळीच्या वाफ्यास द्यावे. शौचालय दोन खड्ड्यांचे असावे व विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावे. भेगाळ खडकात ५० फूटही थोडेच, म्हणून उताराच्या खालच्या अंगास बांधावे.

३. पानात वाढावे. राज्यात २०१८ पासून व देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकण्याच्या प्लॅस्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आहे. बंदी नसती तरी बांधावर उडालेली पिशवी शेवटी आपल्याच गाईच्या पोटात जाते. पळसाच्या पत्रावळी व द्रोण उकिरड्यात टाकले की त्यांचे खत होते.

४. शेण वाया घालवू नये. दोन घनमीटरच्या गोबर गॅस संयंत्रास दररोज सुमारे ५० किलो शेण लागते. चार-पाच जनावरे असल्यास ते घरचेच. चूल चालते आणि मळी शेतास मिळते.

५. माल गावातून घ्यावा. ज्वारी, डाळ, दही, दौलताबादकडील सीताफळ व पेरू शेजाऱ्याकडून रोखीने घ्यावेत, स्वयंपाकास गावातील बायांस रास्त मजुरीवर लावावे. ज्यांस धंद्याचा वाटा मिळतो, ते त्याचे रक्षण करतात.

इमारतीच्या हौसेविषयीही एक इशारा देणे अवश्य आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जाच्या साहाय्याने बांधलेले भव्य अभ्यागत केंद्र २०१३ साली खुले झाले. मुख्य लेण्यांच्या प्रतिकृती त्यात होत्या. परंतु पाण्याची व विजेची देणी थकली आणि काही वर्षांतच ते बंद पडले. बांधण्याचा खर्च एकदाच येतो, चालविण्याचा रोज येतो. याच ठिकाणी केलेली दुसरी व्यवस्था मात्र अनुकरणीय आहे: खासगी वाहने फर्दापूर तिठ्यावर थांबवून प्रवाशांस पुढील सुमारे ४ किलोमीटर बसने नेतात. लेण्यांजवळचा धूर व गर्दी त्यामुळे आवरली. आपणही मोटारी विहिरीपासून व गोठ्यापासून दूर उभ्या करवाव्यात.

शेवटी मुख्य नियम. दिवाळीनंतर विहिरीतील पाणी दोरीने मोजावे आणि घरची माणसे, जनावरे, उभे पीक व भाऊबंदांची पाळी यांस आषाढापर्यंत लागणारे पाणी वजा करावे. जे उरेल तेवढेच पाहुण्यांचे. त्या पातळीवर विहिरीच्या दगडावर तांबडी खूण करावी. पाणी खुणेखाली गेले की खोल्यांस कुलूप लावावे. दिवसा येऊन जेवून जाणारे पाहुणे तेवढे घ्यावेत. हुरड्याचा हंगाम नेमका विहिरी भरलेल्या असताना येतो, हे आपले सुदैव. मुख्य कमाई त्याच दिवसांत करावी.

यासाठी एक साधी वही पुरे. तारीख, पाहुणे, पाण्याची पातळी, जमा, खर्च असे पाच रकाने आखावेत व दर रविवारी भरावेत. ज्या कृषिबंधूंकडे पाहुणे येतात त्यांनी येत्या दिवाळीपासून ही वही सुरू करावी, अशी आमची विनंती आहे. पाहुणा दोन दिवसांनी आपल्या गावी जातो. विहीर आणि शेजारी येथेच राहतात.