एचडीआर लावलं की हर्ट्झ का पळतात?

लॅपटॉपला ४के, १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला, एचडीआर चालू केलं आणि यादीतून १४४ गायब! या भानगडीत बऱ्याच संध्याकाळी गेल्या. त्यातून हाती लागलं ते असं.

१. ड्रायव्हर नंतर, आधी गुणाकार. ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, सेकंदाला १४४ वेळा, आणि १०-बिट रंगात प्रत्येक पिक्सेलला ३० बिट. हे झाले जवळजवळ ३६ गिगाबिट, तेही ब्लँकिंग (दोन फ्रेमांमधला रिकामा वेळ) न धरता. एचडीएमआय २.० मधून प्रत्यक्षात १४.४ गिगाबिट जातात, डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९. मग डिस्प्लेपोर्ट १.४ वर १४४ दिसतातच कसे? डीएससी नावाच्या कॉम्प्रेशनमुळे. ते लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही यावं लागतं. नसेल, तर १०-बिटमध्ये साधारण ९८ हर्ट्झवर गाडी थांबते. मग सेटिंग कितीही उलटसुलट करा.

२. टाइप-सी हबवर पहिला संशय घ्या. डिस्प्लेपोर्टच्या चार लेन असतात. हबला वेगवान यूएसबीही चालवायचं असतं, म्हणून पुष्कळ हब त्यातल्या दोनच चित्राला देतात. क्षमता तिथेच निम्मी. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी सरळ केबल लावा. (चार्जरसोबतच्या केबलमधून बहुतेक वेळा चित्र जातच नाही.)

३. खोक्यावरच्या ‘एचडीएमआय २.१’वर भुलू नका. नियमांनुसार जुन्या, म्हणजे २.० च्याच १८ गिगाबिटच्या (प्रत्यक्षात १४.४) पोर्टलाही ते नाव देता येतं. ‘४८ गिगाबिट’ किंवा ‘एफआरएल’ (२.१ ची नवी, वेगवान पद्धत) लिहिलंय का ते बघा. केबल ‘अल्ट्रा हाय स्पीड’चं लेबल असलेलीच घ्या.

४. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा. काहींमध्ये डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर ठेवलेली असते.

५. पोर्ट कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय? एकाच लॅपटॉपवर एचडीएमआय एनव्हिडियाकडे आणि टाइप-सी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे, असंही असतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फिजएक्स’च्या (PhysX) पानावर हे चित्रासकट दिसतं.

६. तरीही १४४ जमलं नाही, तर हर्ट्झ कमी करा: १२०, आणि डिस्प्लेपोर्ट १.४ वर डीएससी नसेल तर ९८. १२० आणि १४४ मधला फरक मला तरी खेळताना कळत नाही. हर्ट्झ टिकवण्यासाठी निम्म्यावर आणलेली रंगाची माहिती मात्र बारीक अक्षरांच्या कडांवर लगेच कळते. विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये हर्ट्झ, बिट आणि रंगाचा प्रकार तिन्ही एकत्र दिसतात, प्रत्येक बदलानंतर तिथे नजर टाका.

७. एचडीआर लावल्यावर डेस्कटॉप फिका पडला म्हणजे बिघाड नव्हे. ‘एसडीआर ब्राइटनेस’ची पट्टी सरकवा, विंडोज ११ असेल तर ‘एचडीआर कॅलिब्रेशन’ ॲप एकदा चालवा. विंडोज, ऑल्ट आणि बी एकत्र दाबलं की एचडीआर चालू-बंद होतं.

८. ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या बिल्ल्यासाठी ४०० निट्सचा उजेड पुरतो. लोकल डिमिंगची सक्ती नाही. अशा साध्या एलसीडीवर काळा रंग राखाडीच राहतो. तिथे मी एचडीआर बंद ठेवतो आणि १४४ हर्ट्झवर खेळतो.